पुरुषोत्तमअण्णांचा नकार

आमच्या बसवनगुडीच्या बिल्डिंगमध्ये कुणाला काही हवं असलं की तो पुरुषोत्तमअण्णांच्या दारात उभा राहतो. अण्णा मूळचे निपाणीचे, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. "स्वल्प अड्जस्ट माडी अण्णा," म्हणजे जरा सांभाळून घ्या, एवढं म्हटलं की संपलं. गाडीची जागा जाते, शिडी जाते. एकदा शेजाऱ्यांचे पाहुणे आठवडाभर यांच्या हॉलमध्ये झोपले. असल्या भिडस्तपणाची मला मनस्वी चीड आहे. शिडी सध्या माझ्याकडे आहे.

अशा माणसाला छंद लागावा तो विमानांना हुकूम सोडण्याचा. इंटरनेटवर हौशी मंडळी घरबसल्या खोटी विमानं उडवतात आणि दुसरी हौशी मंडळी विमानतळाच्या टॉवरमध्ये बसल्याच्या थाटात ती उतरवून घेतात. विमानं खोटी, पण वारा खरा. विमानतळावर त्या वेळी जो वाहत असेल तोच कॉम्प्युटरवर. विमानाने वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं. वारा पाठीशी घेतला तर ते थांबता थांबत नाही. म्हणून वारा पाहून धावपट्टीची बाजू टॉवरने ठरवायची आणि बाकीच्यांनी निमूट ऐकायचं.

या टॉवरच्या परीक्षेत अण्णा दोनदा नापास झाले. ज्याला जी बाजू सोयीची, ती त्याला देऊन टाकली. दोन विमानं एकाच पट्टीवर समोरासमोर आली, तेव्हा अण्णांनी दोघांचीही माफी मागितली. आता तिसरी संधी, आणि ती शेवटची. बिचाऱ्यांनी आठवडाभर धड जेवण केलं नाही.

रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो. पश्चिमेचा जोरदार वारा होता, तेव्हा सगळ्यांनी पूर्वेकडून उतरायचं. अण्णांनी चार विमानं झकास उतरवली. मग परीक्षक उपेंद्र स्वतः मुंबईहून विमान घेऊन आला. त्याला अण्णांची दुखरी नस ठाऊक होती.

"अण्णा, पूर्वेला कुठे वळसा घालू? पश्चिमेकडूनच सरळ उतरतो. स्वल्प अड्जस्ट माडी."

अण्णांनी डोळे मिटले आणि ते म्हणाले, "नाही. वारा पश्चिमेचा आहे. पूर्वेकडून या."

मला खरंच भरून आलं. विमान मुकाट वळलं. पण अण्णांचा जीव राहीना. "एवढ्या लांबून आलाय हो," असं माझ्याकडे बघून पुटपुटले आणि त्यांचा हात पुन्हा माईकच्या बटणाकडे गेला.

कावेरीवहिनी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होत्या. त्या तशाच धावत आल्या आणि पिठाचा हात त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर दाबून धरला. विमान पूर्वेकडून येऊन थांबेपर्यंत तो काढला नाही.

पडद्यावर उपेंद्रचा निरोप आला. अण्णा पास झाले होते.

मिशीला लागलेलं पीठ पुसत अण्णा म्हणाले, "तरी पण उपेंद्रसरांना माझा राग आला असेल गं."

"येऊ दे की," वहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुमचा राग एकट्या मलाच येत होता. आता आम्ही दोघं झालो."