आबांच्या हातचं खत

पुण्याला निघालो त्या सकाळी शकूनं माझ्यासाठी एसटीत जागा धरली. खिडकीतून रुमाल टाकायचा आणि ज्याचा रुमाल त्याची जागा, हा आमच्या फुलंब्रीचा रिवाज. ती माझी धाकटी बहीण. खाली आबा, माझे वडील, उभे होते. एवढंच म्हणाले, "पोचलास की खत टाक. सबर ठेव, घाबरू नको." पत्राला ते खतच म्हणत. मायनं भाकरीचं गठुडं खिडकीतून वर दिलं.

तुम्ही जे तिथं राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना आमच्या घरांतली बोली आठवत असेल. निजामाच्या राज्यात आबांची पिढी उर्दू शाळेत शिकली. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या आणि आम्ही बाराखडी गिरवली. म्हणून बाप-लेक एकाच घरात, पण बापाची अक्षरं उजवीकडून निघत आणि लेकाची डावीकडून. आबा मराठीसुद्धा उर्दू लिपीत लिहीत. ताप आला की ते म्हणत तबियत बिघडली, आणि जेवणाआधी माय विचारी, "हात धुतलेस व्हय?" यात काही वेगळं आहे हे मला पुण्यात कळलं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये पहिल्याच दिवशी मी 'येतोय'ऐवजी "येऊ लालो" म्हणालो आणि चौघं पोट धरून हसले. सहा महिन्यांत मी 'लई' सोडलं, 'नाय' सोडलं. आरशासमोर 'नाही' म्हणायचा सराव केला. खोटं कशाला सांगू, जमलं तेव्हा आनंद झाला.

घरची पत्रं गावातले गुरुजी लिहून देत. पोस्टकार्डावर तीच चार वाक्यं, सगळे खुशाल आहेत. मधल्या काळात शकूचं लग्न शेंद्र्याकडच्या एका घरात झालं.

मग एकदा पोस्टकार्डाऐवजी चिकटवलेलं आंतरदेशीय पत्र आलं. उघडलं तर सगळं उर्दू अक्षर, आबांच्या हातचं. खोलीतल्या एकानं ते डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "काय रे, वडील पाकिस्तानात असतात का?" बाकीचे हसले. मीही हसलो. पत्र ट्रंकेत टाकलं. गुरुजी सुट्टीवर असतील, मजकूर तोच असेल, असं मनाशी म्हटलं. कोपऱ्यावर सायकल दुरुस्त करणारे हमीदभाई उर्दू वाचत. रोज त्यांच्या दुकानावरून जायचो. पत्र दाखवायला पाच मिनिटं लागली असती. पण माझ्या बापाला मराठी लिहिता येत नाही, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनी तार आली. मी पोचलो तोवर शकूची राख सावडून झाली होती. सासरचे म्हणाले, विहिरीवर पाय घसरला. माय भिंतीकडं तोंड करून बसली होती. आबांनी माझा हात धरला.

"माझं खत मिळालं नाय का रे?"

"नाही मिळालं," मी म्हणालो.

माझं ते शहरातलं 'नाही' स्वच्छ निघालं. आबांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "युसूफच्या हातात दिलं व्हतं मी. त्यानंच कुठंतरी टाकलं."

युसूफचाचा आमचे पोस्टमन. आबांचे उर्दू शाळेतले दोस्त, रोज दुपारी आमच्या ओट्यावर बसणारे. त्या दिवसापासून आबा त्यांच्याशी बोलले नाहीत. चाचा गल्लीत आले की आबा उठून आत जात. मी सुट्टीला यायचो, हे बघायचो आणि परत जायचो.

पुण्याला परतल्यावर हमीदभाईंकडून पत्र वाचून घेतलं. त्यांनी हळूहळू वाचलं: 'शकूला लई मारतात. मी आणायला गेलो तर पाठवीत नाहीत. गुरुजीला सांगितलं तर गावात बोभाटा होईल, म्हणून स्वतः लिहितो. तू नोकरीवाला, तुझं ऐकतील. खत मिळताच ये.' हमीदभाईंनी तारीख पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि घडी करून पत्र परत दिलं.

बारा वर्षांनी आबा गेले. तेराव्यानंतर मी चाचांच्या घरी गेलो. थकले होते, बाजेवर बसले होते. सगळं सांगितलं.

"तो जित्ता असताना का नाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.



"बारा वरसं," ते म्हणाले. "मयतीला आलो तर लांब उभा राहिलो मी. लोकं काय म्हणतील म्हणून."

ते उठून आत गेले. आमच्याकडं दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. मी वाट बघत बसलो. थोड्या वेळानं त्यांची सून दारात आली आणि खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, तुमची गाडी निघून जाईल."

आज पुण्यात माझा फ्लॅट आहे. मुलं गाव विचारतात तेव्हा मी फुलंब्री सांगतो. त्यांना वाटतं, मी तिथून निघून आलो. खरं तर मला तिथून जायला सांगितलं गेलं, आणि ते बरोबरच होतं.