नावाखालचे आकडे

जळगावात मी ज्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, तिच्याकडे एका रक्ततपासणी लॅबची वेबसाइट आहे. पेशंटनं मोबाइलवर लॉगिन करायचं आणि आपला रिपोर्ट बघायचा, एवढंच तिचं काम. जावा या संगणकभाषेतला तो सगळा कोड दुसऱ्या कुणीतरी लिहून आमच्याकडे सोपवला होता, आणि तोवर कुणाचीच तक्रार नव्हती.

एका सकाळी लॅबच्या धुळ्याच्या शाखेतून फोन आला. काउंटर सांभाळणाऱ्या अक्का सांगत होत्या, की एक आबा उजाडल्यापासून येऊन बसलेत. मोबाइलवर त्यांना किडन्या खराब झाल्याचे आकडे दिसले, आणि लॅबच्या मशीनवर तर त्यांचं सगळं उत्तम आहे. मी ऑफिसात आबांचं खातं उघडलं. बरोबर. पुन्हा उघडलं, तरी बरोबर. नेटचा काही घोळ असेल म्हणून फोन ठेवून दिला असता, पण अक्का म्हणाल्या, आबा घरी जायला तयार नाहीत. मी लॅपटॉप घेतला आणि धुळ्याची बस धरली.

आबा भिंतीला टेकून बाकावर बसले होते. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. अक्कांनी हळूच सांगितलं, की आदल्या संध्याकाळी मोबाइल बघितल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून शेताची वाटणीही सांगून टाकली होती.

मी अक्कांना त्यांच्या स्वतःच्या खात्यातून आत यायला सांगितलं. त्यांचीही तपासणी तिथंच झालेली होती. मी माझ्या खात्यातून आले. दोघींनी एकाच वेळी रिपोर्टचं बटण दाबायचं. काही वेळा काहीच झालं नाही. मग माझ्या स्क्रीनवर, वर माझं नाव आणि खाली थायरॉइडचे आकडे. मी थायरॉइड कधी तपासलेलंच नव्हतं. अक्कांनी वाकून बघितलं आणि त्या खुर्चीत मागे सरकल्या. आकडे त्यांचे होते.

मी लगेच कोड उघडला. आत येणारी प्रत्येक विनंती कुणाची, हे आधी फिल्टर नावाचा कोडचा एक तुकडा तपासतो. फिल्टर सगळ्यांसाठी एकच असतो, त्यात वावगं काही नाही. पण पेशंटची ओळख ज्यात ठेवायची, तो ऑब्जेक्ट, म्हणजे कोडमधली एक पेटीच, दर विनंतीला नवा मिळायला हवा. इथं सर्व्हर सुरू होतानाच तो एकदाच फिल्टरमध्ये जोडला गेला होता, आणि मग सगळ्यांना तोच. माणूस एकटा असेल तर काही कळायचं नाही. दोघं नेमके एकाच क्षणी आले, की एकाच्या ओळखीवर दुसऱ्याची चढायची. मी एकटीच तपासत होते, मला कुठून दिसणार!

जळगावला फोन करून वेबसाइट बंद करायला लावली. मग आबांजवळ जाऊन सांगितलं, की ते आकडे तुमचे नाहीत, तुम्हाला काही झालेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसतील असं मला वाटलं होतं.

"मंग हाऊ रिपोर्ट कोना शे?"

तो रिपोर्ट मग कुणाचा आहे, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

सर्व्हरच्या नोंदींत शोधलं. आबांच्याच वेळेला भडगावच्या एक बाई रिपोर्टचं पान पुन्हा पुन्हा उघडत होत्या. अक्कांनी स्पीकरवर फोन लावला. बाई खुशीत होत्या. म्हणाल्या, आधी खराब दाखवत होता, पण शेवटी रिपोर्ट चांगलाच आलाय की, सकाळपासून गोळ्या बंद केल्या.

सावकाश, तोल सांभाळत अक्कांनी सांगितलं, की कॉम्प्युटरची चूक झाली आहे, गोळ्या आत्ता घ्या आणि उद्याच डॉक्टरांना भेटा.

आबा तोवर जागचे हलले नव्हते. "ती बाई दवाखानामा जाई ना?" त्यांनी विचारलं. अक्कांनी मान हलवल्यावरच ते उठले.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तो ऑब्जेक्ट दर विनंतीला नवा मिळेल असं केलं आणि अक्कांबरोबर पुन्हा पुन्हा तपासलं. भडगावच्या बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर आम्ही ऑफिसात बसून एकेका पेशंटला फोन लावत होतो, आणि पलीकडून 'हॅलो' आलं, की मोबाइलवर नावाखाली दिसलेले आकडे वाचून दाखवायला सांगून ते लॅबच्या मशीनवरच्या आकड्यांशी ताडून बघत होतो.