सोनाआत्याची अवस

सोनाआत्याला आमच्या घरानंच खुळं केलं.

आज तिला जाऊन तीस वर्षं झाली. घरात तिचा एक फोटो नाही, म्हणून ही पोस्ट.

ती वडिलांची थोरली बहीण. शंभरेक वर्षांपूर्वी मुळशीत, आमच्या धनगरवाड्यावर जन्मली. खाली धरणाचं काम चालू होतं आणि वर वाडीत औषधपाण्याला एक सुईण, बस्स.

आजीची पहिलीच डिलिव्हरी. दोन दिवस कळा देऊन सकाळी बाळाचं डोकं दिसायला लागलं.

तेव्हा आजीच्या सासूनं सुईणीला थांबवलं. म्हणाली, "अजून अवस हाय. दम धर."

अमावस्येचं पोर बापाच्या मुळावर येतं, असा समज.

मग दोघींनी आजीचे गुडघे एकमेकांवर दाबून धरले. दिवस कासराभर वर येऊन अवस सरेपर्यंत.

आत्या निळी जन्मली. रडली नाही. सुईणीनं नाळ न कापता वार निखाऱ्यावर शेकली, तेव्हा कुठे हुंकारली.

सासूनं गूळ वाटला. अवस टळली होती ना!

आत्याचे हात वाकडेच राहिले, समजही लहान पोराएवढीच. पन्नाशीतही घास भरवावा लागायचा. आजीनं पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली म्हणून असं झालं, हे वाडीनं ठरवून टाकलं. आजी कधी उलटून बोलली नाही.

मी नर्सिंगला गेले. बाळाला ऑक्सिजन कमी का पडतो, ते वर्गात शिकले. लांबलेलं बाळंतपण, दबलेली नाळ, आईचा रक्तस्राव. ग्रहण कुठंच नव्हतं.

सुट्टीत आल्या आल्या आजीला म्हटलं, विळीनं काही होत नाही, तुझी काही चूक नव्हती. त्या दिवशी तिनं हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. मी चिडून सासूला आणि सुईणीला नाही नाही ते बोलले.

आजी आत्याला भात भरवत होती. हात न थांबवता म्हणाली,

"त्या दोघी दमल्या व्हत्या गं. शेवटाला मीच पाय मिटून धरलं. तुज्या आज्याला काय व्हऊ न्हाई म्हून."



आजोबा नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. लेकीजवळ कधी घटकाभर बसले नाहीत. मला त्यांचा अजून राग येतो.

सोनाआत्या, श्रद्धांजली वाहायला आम्हाला तोंड नाही. मी तुझी माफी मागते.