बुधवारची पिशवी
पिशव्या सील करायच्या व्हॅक्यूम मशीनची हवा ओढायची घरघर सुरू झाली की मला अजून मेथीचा वास येतो. तेव्हा सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला आल्या होत्या. त्यांना त्रास नको म्हणून मी रविवारीच आठवड्याच्या भाज्या करून, पिशव्यांत सील करून, वर वार लिहून फ्रीजमध्ये लावायचे. एका बुधवारी ऑफिसातून दुपारीच घरी आले, तर कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आणि या शाल गुंडाळून मेथी परततायत! मला बघताच त्यांनी घाईघाईनं शेगडी बंद केली. "वास बाहेर जावा म्हणून उघडली गं. दिवसभर हाताला कामच नसतं." मी म्हटलं, "पण आई, बुधवारची पिशवी वाया जाईल ना!" भाजी निवल्यावर त्यांनीच ती पिशवीत भरली, सील केली आणि वर 'गुरुवार' लिहिलं. मी वर कौतुक केलं, "बघा, जमलं की तुम्हाला!" त्यानंतर परत जाईपर्यंत त्यांनी कढईला हात लावला नाही. आता फोनवर विचारते, पुन्हा कधी येताय? त्या हसतात. म्हणतात, "येईन की. पण तुझं तर सगळं तयारच असतं गं."