दहाच्या वरचे चार टँकर

टँकरच्या धंद्यात पाणी कमी अन् गोष्टी जास्त! दुष्काळात तळ्यावर टँकर भरायच्या पॉईंटला लाईट असली तरच मोटार चालायची. लाईट गेली की आम्ही सगळे टँकरच्या सावलीत. तिथं बसून बसून एवढे किस्से साठले की टाकीत ओतले तर झाकण बसायचं न्हाई. मला विसरायची सवय न्हाई अन् गोड बोलायची बी न्हाई. जसं झालं तसं लिहिते.

आमचा कंपू तिघांचा, अहमदपूरचा. एक मी, चौथी शिकलेली, एका टँकरची मालकीण. दुसरे गफूरचाचा. ते अन् त्यांचा टँकर दोघं सारखेच खोकायचे. तिसरा बालाजी. शेत पडीक पडलं म्हणून जुना ट्रक घेतला अन् त्याच्यावर टाकी बसवली. तिघं तहसीलच्या हुकमावर गावोगाव पाणी टाकायचो. आपापल्या नावानं, आपापल्या रेटनं.

अन् एक आमच्या कंपूत नसलेला, पण सगळीकडं आडवा येणारा: बायपासचा गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार. त्याचे चौदा टँकर!

* * *

त्याच साली टॅक्सचा नियम बदलला. आधी गाडीवाल्यानं पॅन कार्ड दिलं की बिलातून काही कापत नव्हते. आता म्हणाले, दहापर्यंत गाड्या असतील तर तसं लिहून द्या, कार्ड द्या, कापणार न्हाई. दहाच्या वर असतील तर कापणार. अन् कार्डच नसेल तर शंभरातले सरळ वीस!

तहसील ऑफिसातल्या नव्या बाबूनं त्यात आणखी फाटा फोडला. "ही सवलत माल वाहणाऱ्यांना आहे. पाणी काही माल नाही."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. एवढ्या उन्हाळ्यात असं बोलणारा माणूस आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

गफूरचाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला, बाबूच्या टेबलावरची पाण्याची बाटली त्यात गुंडाळली अन् काखेत घेतली. "साहब, ही मी घेऊन जातो. संध्याकाळी पाच वाजता येतो. मंग सांगा, माल हाय का न्हाई."

बाबूनं पाच वाजायची वाट बघितली न्हाई. दुपारीच सही केली!

* * *

बालाजीकडं पॅन कार्डच नव्हतं. का, तर नवा जिल्हा होणार म्हणून!

उदगीर जिल्हा होणार अशी हवा तेव्हा दर हॉटेलात होती. अहमदपूर लातुरात राहतंय का तिकडं जातंय, ह्याच्यावर लोक चहाच्या पैजा लावायचे.

"आता कार्ड काढलं अन् उद्या जिल्हा बदलला तर?" बालाजी मला समजावायचा. "पुन्हा पत्ता बदला, पुन्हा हेलपाटे. एकदा जिल्हा होऊ द्या की, अक्का."

"अन् तोवर वीस टक्के कापून देतोस?"

"दोन-चार महिन्याचा तर प्रश्न हाय!"

त्या दोन-चार महिन्यात त्याच्या ट्रकचे टायर इतके गुळगुळीत झाले की हात फिरवला तर झोप यावी. नवे टायर घ्यायचे पैसे बिलातच कापले जायचे. शेवटी मी त्याची गचांडी धरून आमच्या टॅक्सच्या वकीलसाहेबांकडं नेलं. वकीलसाहेब शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाले, "बालाजीराव, कार्डावर पत्ता नसतोच हो!"

गफूरचाचांनी स्वतःचं कार्ड काढलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. "अरे हाव! इसमें मेरा घरच नइं!"

बालाजीचं कार्ड आलं. जिल्हा अजून येतोय!

* * *

कार्ड यायच्या आधी मात्र गुत्तेदारानं वास काढला होता. एक दिवस पॉईंटला आला, पांढरे कपडे, पांढरी गाडी.

"कशाला एवढी कटकट करून राहिलात? तिघंबी माझ्या नावाखाली या. कागदं माझी, डोकं माझं. तुम्ही निस्तं पाणी टाका. रेट तेवढा मी सांगीन तो."

बालाजीची मान हलायला लागली होती. त्याचे टायर मला दिसत होते, म्हणून मी त्याला काही बोलले न्हाई. पण गुत्तेदार माझ्याकडं वळला. "अक्का, तुम्ही बाईमाणूस. नावाचा एवढा हट्ट कशाला?"

आता माझ्या टँकरच्या दारावर निळ्या रंगात लिहिलंय: कांता वॉटर सप्लायर्स. आमच्या मालकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. 'वॉटर' लिहून झाल्यावर दारावर जागा संपली, म्हणून 'सप्लायर्स' खाली बारक्या अक्षरात. त्यांना म्हणलं होतं, आधी मापं घ्यायची ना! तर म्हणाले, "तुझं नाव मोठं आलं पायजे, बाकीचं वाचलं न्हाई तरी चालतंय." ते गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. दरवर्षी मी टँकरला रंग देते. त्या दाराला देत न्हाई.

मी गुत्तेदाराला दारापुढं उभं केलं. "वाच."

त्यानं वाचलं.

"ह्याच्यावर तुझं नाव कुठं लिहू? जागा दाखव, मी ब्रश आणते!"

बालाजीची मान हलायची थांबली.

* * *

टँकरचा नळ तळापासून जरा वर असतो. टाकी रिकामी झाली म्हणतात, पण तळाला दोन-तीन हंडे राहतातच. पुढची चाकं दगडावर चढवली की ते पाणी मागं येतं. आमच्या लोकांत रीत होती: गावाचं पाणी गावाला, तळाचं पाणी ड्रायव्हरच्या मनाचं. दर ड्रायव्हरचं एक घर ठरलेलं असायचं.

गफूरचाचांचं तळाचं पाणी एका एकट्या म्हातारीला जायचं. गर्दीत तिला कुणी हंडा लावू द्यायचं न्हाई. एकदा तो बाबू तपासणीला आला. चाकं दगडावर बघून म्हणाला, "ही जादाची सेवा कोणत्या बिलात लावलीय?"

"कुठल्याच न्हाई, साहब. पण कापायचं असंल तर कापा," चाचा म्हणाले. "अर्धा तांब्या घ्या."

बाबू हसला. मग बूट काढून बाजूला ठेवले अन् म्हातारीचा हंडा स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. तेव्हापासून आम्ही त्याला बाबू म्हणणं सोडलं, भाऊ म्हणायला लागलो.

अन् माझं तळाचं पाणी? ते बायपासला जायचं. गुत्तेदाराच्या घरी!

चौदा टँकरचा मालक, पण घरच्या हौदात ठणठणाट. रोज "उद्या पाठवतो" म्हणायचा, अन् उद्या दुसऱ्याला विकायचा. त्याची बायको, सुमन, मागच्या दाराला घागर घेऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "अक्का, ह्यांना सांगू नका." मी सांगितलं न्हाई. तिची घागर भरली की मी निघायची. कधी ती माझ्या हातात गरम भाकरी ठेवायची, बोलणं तेवढंच.

* * *

आता शेवटचा.

कापलं जाऊ नये म्हणून गुत्तेदारानं डोकं लढवलं. चौदातले चार टँकर सुमनच्या नावावर केले. कागदावर तो दहाचा मालक, ती चारची. दोघंबी नियमात!

मग नव्या रेटसाठी तहसीलला बोलावणं आलं. आम्ही तिघांनी एकच रेट सांगितला, डिझेल निघून चूल पेटंल एवढा. गुत्तेदारानं इतका खालचा सांगितला की त्या रेटनं आम्हाला टँकर विकायलाच लागले असते. मी दाराचाच विचार करत होते. टँकर विकला तरी दार काढून ठेवता येईल का.

"ह्यांची गरजच न्हाई, साहेब," तो म्हणाला. "सगळ्या गावांना मी एकटा पाणी देतो."

तहसीलदारसाहेब म्हणाले, "चौदा गाड्या लागतील. चौदा असतील तरच तुमचा रेट धरतो."

"हायत की! दहा माझ्या, चार मंडळीच्या."

मालकीण म्हणून सुमनला हजर राहावं लागलं होतं. पदर घट्ट धरून भिंतीला टेकून उभी. साहेबांनी विचारलं, "ताई, तुमच्या गाड्यांचा रेट काय?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं बोट केलं.

"ह्या अक्काचा जो हाय, तो."

"अगं, काय बोलतीस!"

"तुम्हीच म्हणलात ना, कागदावर मी वेगळी हाय."

गुत्तेदाराच्या रेटला दहाच गाड्या उरल्या, म्हणून साहेबांनी आमचा रेट लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉईंटला बघते तर आमच्या तिघांच्या मागं चार टँकर लागलेले. पहिल्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी सुमन, मांडीवर रिकामी घागर. गफूरचाचा म्हणाले, "आव बेटी, तेरा चौथा नंबर."

नऊ वाजता गुत्तेदाराची पांढरी गाडी आली. तो उतरला, हातात जेवणाचा डबा. सगळ्या टँकरला वळसा घालून सरळ तिच्या खिडकीशी आला.

"सुमन, जेवलीस का?"

ती समोर बघूनच म्हणाली, "रांगेत या!"