चासीचा दिवाळसण

घरात एखादी वस्तू मोडून ठेवली की तिच्यावर किस्से गंजासारखे चढतात. कधी चढले ते कळत नाही. आमच्या पडवीत तर अख्खी गाडीच मोडून ठेवलेली होती.

गाडी सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. जुनी विलायती मोटार, रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेली. वैशाखात लग्न होऊन मी आले तेव्हा तिचा टप गोठ्यात होता आणि गंजलेली चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, पडवीत चार चिऱ्यांवर. आमचे 'हे' बँकेतून आले की थेट तिच्याखाली शिरत. नव्या नवरीला नवऱ्याचे पाय तेवढे दिसत.

एकदा त्या पायांनीच जाहीर केलं, "दिवाळसणाला संगमेश्वरला जायचं ते याच गाडीतून. एस.टी.नं मी येणार नाही, सांगून ठेवतो."

चासीतून पलीकडची तुळस दिसत होती. माझं माहेर एकदम लांब गेलं.

*

अप्पांचं म्हणणं, होडी जन्मभर खाऱ्या पाण्यात टिकते ती मुशी माशाच्या तेलामुळे. त्यांनी बंदरावरून डबाभर तेल आणलं आणि चासी चोपडून काढली. संध्याकाळपर्यंत आळीतली झाडून सगळी मांजरं पडवीत. चासीच्या एकेका पट्टीवर एकेक बसलेलं.

सासूबाई विळीवरून उठल्या. "अहो, तुमची गाडी मांजरं खाऊन टाकतील."

अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "चाटू देत. गंज निघतोय."

*

तेलाचा वास घालवायचं काम मग सासूबाईंनी हाती घेतलं. "आगळानं तांब्याची घागर लखलखते, मग हा सांगाडा का नाही लखलखणार?" वर्षाचं कोकमाचं आगळ पडवीत आलं. आम्ही दोघींनी नारळाच्या शेंड्यांनी चासी घासघासून चांदीसारखी केली. शेजारणी बघून गेल्या.

आगळात मीठ असतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सकाळी बघतो तो चासी पिकल्या हापूससारखी केशरी!

सासूबाई जराही डगमगल्या नाहीत. "रंग काय सुरेख धरलान हो."

त्या वर्षी आमच्याकडे सोलकढी झाली नाही.

*

पाऊस सरल्यावर ह्यांनी सगळं पुन्हा खरवडलं आणि शेंदरी प्रायमर लावला. वाळायला ऊन हवं म्हणून चासी कुंपणाच्या गडग्याबाहेर, वडाजवळ, चिऱ्यांवर ठेवली. वडाजवळ, चिऱ्यांवर, शेंदरी!

पहिल्या दिवशी तिच्यावर जास्वंद वाहिलेली दिसली. मग उदबत्ती. मग नारळ यायला लागले. अप्पा रोज सकाळी ते घरात आणत आणि म्हणत, "प्रसाद आहे, नाही म्हणू नये."

एकच चीर सांधायची उरली होती. हातखंब्याहून वेल्डर आला. त्यानं हार-नारळ पाहिले आणि चपला काढल्या.

"अरे, गाडी आहे ती," हे म्हणाले.

"असेल दादा. पण आधी गुरवाकडनं कौल लावून घ्या. देवानं उजवा दिला तर मी टाका मारतो."

तो हात जोडून गेला, आणि बातमी त्याच्या पुढे गेली. मग गावातला एकही वेल्डर आमच्याकडे फिरकेना. दिवाळी तर तोंडावर आलेली.

*

शेवटी एका दुपारी जेवताना हे म्हणाले, "पुढच्या दिवाळीला जाऊ. शब्द म्हणजे शब्द."

मी आमटी वाढत होते. वाढता वाढता म्हटलं, "आमच्या संगमेश्वरला एक चासीवाला आहे. घराजवळच. फक्त चासीचंच काम करतो."

लग्न झाल्यापासूनचं माझं सगळ्यात लांब बोलणं. सगळे जेवायचे थांबले.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चासी ट्रकवर चढली. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. हे मागे, चासीवर पाट ठेवून, लग्नातला कोट घालून, स्टीयरिंग धरून बसलेले. "गाडीतूनच जाणार म्हटलं होतं ना?" सासूबाईंनी दृष्ट काढली, ह्यांची एकदा, चासीची एकदा.

माहेरच्या दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. बाबांनी ट्रकभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू, गाडी हवेशीर आहे."

मी फराळाच्या ताटल्या भरत होते, तेवढ्यात हे हातपाय धुवायला विहिरीवर गेले. बाबा माझ्याकडे झुकले. "अगो, आपल्याकडे चासीवाला कोण?"

मी त्यांच्या ताटलीत आणखी एक करंजी वाढली.