महाराष्ट्राचा दिवस

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. वडील मलकापूरहून आले आणि चप्पल काढता काढताच म्हणाले, "उद्या महाराष्ट्राचा दिवस हाय. सुट्टी हाय. काहीतरी गोड करा."

आमच्याकडे 'दिवस' करतात तो मेलेल्या माणसाचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आत्या मटकन खाली बसली.

"कोन गेलं, भाऊ?"

"कोनी गेलं नाई. राज्य आलं!" वडील खेकसले.

दुसऱ्या दिवशी आंब्याचा रस होता, रसाबरोबर खायचे कणकेचे सरगुंडे होते. आणि ओसरीवर आत्यानं, आखाजीला पितरांचं नाव घेऊन भरतात तशी, पाण्याची घागरही भरून ठेवली होती. आता नवे कपडे घालायचे की तोंड पाडून बसायचं? कोणी धड सांगेना. मी नुसता चरफडत उभा.

"नाव कोनाचं घेऊ?" आत्यानं विचारलं.

वडिलांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मुंबई राज्याचं घे. गेलं तं तेच."

आत्यानं हात जोडले, डोळे मिटले.

"गेलं बापा," ती पुटपुटली. "आपल्या घरी तं एकदाबी नाई आलं."